वाडा, विद्यापीठ आणि पुण्यातले दीर

प्रश्न

खानदेशातल्या एका जुन्या तालुक्याच्या गावातून हे पत्र आलं आहे. गाव, संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत. पत्रलेखिका ५७ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. निवृत्तीला वर्ष राहिलं आहे. यजमान काही वर्षांपूर्वी गेले. वेशीच्या आतल्या पेठेत सासरचा वाडा, त्यात त्या, ८४ वर्षांच्या सासूबाई आणि मुलगी. माडीवरच्या दोन खोल्यांत चार विद्यार्थिनी भाड्याने राहतात: दोघी सातपुड्यातल्या अक्राणीच्या, एक तळोद्याकडची, एक चोपड्याची.

पेठेला लागून एक खासगी शिक्षणसंस्था आहे. एकेकाळी ती नुसती शाळा होती आणि तिचे पहिले वर्ग याच वाड्याच्या माडीवर भरत. पुढे कॉलेज झालं, आता विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. संस्थेने पेठेतले वाडे एकामागून एक विकत घेऊन काही पाडले, तिथे वसतिगृहं उभी राहिली. शेजारचा वाडा पाडल्यामुळे सामाईक भिंत उघडी पडून घरात ओल आली. नळाला पाणी सहा दिवसांआड येतं, त्यात वसतिगृहवाले मोटर लावून ते ओढून घेतात. रात्री उशिरापर्यंत गल्लीत दुचाक्या फिरतात. यंदा श्रावणात कानबाई या खानदेशी देवीचं विसर्जन करायला बायका नेहमीच्या वाटेने नदीकडे निघाल्या, तर नव्या गेटवर वॉचमनने त्यांना ओळखपत्र विचारलं. तेव्हापासून पेठेत बचाव समिती स्थापन झाली आहे आणि 'वहिनी, तुम्हीच अध्यक्ष व्हा' असा आग्रह चालू आहे. पुण्याचे आणि नाशिकचे दीर म्हणतात, भाव चांगला येतोय, विकून मोकळे होऊ. मुलगी त्याच विद्यापीठात तासिका तत्त्वावर शिकवते.

त्या लिहितात: 'विद्यापीठ वाढत गेलं आणि पेठ रिकामी झाली. बाहेरच्या पोरांनी गल्लीची रया घालवली. लढले तर पोरीच्या पोटावर पाय येईल, विकलं तर सासूबाईंच्या डोळ्यांसमोर घर जाईल, गप्प बसले तर पेठ मला माफ करणार नाही. मी काय करू?'

उत्तर

ताई, नमस्कार.

'विद्यापीठ वाढत गेलं आणि पेठ रिकामी झाली' या तुमच्या वाक्यापाशी मी अडखळले. क्रम खरंच असा होता का? तुमचे थोरले दीर पुण्याला गेले तेव्हा शेजारी बहुधा कॉलेजचीच जुनी इमारत होती. विकल्या गेलेल्या वाड्यांची यादी तुम्ही पाठवलीत, त्यातल्या किती वाड्यांना विक्रीच्या आधी कित्येक वर्षं कुलूप होतं? कानबाईच्या रोटांना, म्हणजे सणाच्या नैवेद्याला, भाऊबंद यायचे, रविवारी देवी बसायची, सोमवारी विसर्जन झालं की रात्रीच्या गाडीने सगळे परत. मग धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, दर उन्हाळ्यात खारी माती टाकायला माणूस मिळेना, म्हणून वर पत्रे आले. पत्र्याखाली गळती कुठे आहे ते दिसेना, तुळया आतून खाल्ल्या गेल्या. एवढं झाल्यावर संस्थेचा माणूस टोकन घेऊन दारात आला.

संस्थेला निर्दोष ठरवण्यासाठी मी हे लिहीत नाही, तिच्या चुका पुढे येतीलच. पण समितीच्या पत्रकात 'विद्यापीठाने पेठ गिळली' असं छापलंत की समोरून पहिला प्रश्न येणार: विकली कोणी? खरेदीखतांवर सह्या पेठेतल्याच माणसांच्या आहेत. धाकदपटशाने कुणाचं घर घेतल्याचं तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. आणि पेठेत जी भीती पसरली आहे, की 'आज ना उद्या सरकार भूसंपादन करून संस्थेला देईल', तिला फारसा आधार नाही. २०१३च्या भूसंपादन कायद्यात सार्वजनिक प्रयोजनाच्या व्याख्येत पायाभूत सुविधांची यादी देताना खासगी शिक्षणसंस्था स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे तुमचा वाडा जायचा असेल तर तो घरच्यांच्या सहीनेच जाईल. ही भीती समितीने पहिल्याच बैठकीत काढून टाकावी, कारण भ्यालेला माणूस पडत्या भावाने विकतो.

दुसरा शब्द 'बाहेरची पोरं'. तो पत्रात पुन्हा पुन्हा येतो.

तुमचं गाव उघड करायचं नाही, म्हणून धुळ्याचं उदाहरण देते. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला आणि १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला कचेऱ्या बांधायला घेतल्या. तेव्हा त्या गावात ४०१ घरं आणि २,५०९ माणसं होती, असं जुनं गॅझेटिअर सांगतं. बांधकामाला कारागीर लांबलांबून आणले. नव्या वस्तीत येईल त्याला घरासाठी कायमची बिनभाड्याची जागा आणि बांधायला उचल दिली, ती जुन्या रहिवाशांना दिली तशी परक्यांनाही. धुळ्यातल्या आजच्या सरळ, नंबराच्या गल्ल्या अशा आलेल्या माणसांनी भरल्या. तुमच्या पेठेतही एक आळी गुजराती व्यापाऱ्यांची असेल, एखादी मारवाड्यांची, एखादी बोहऱ्यांची. त्यांच्या खापरपणज्यांना कुणीतरी बाहेरचंच म्हटलं असणार.

आता माडीवरच्या चार मुलींकडे या. त्यांच्याबद्दल तुम्ही लिहिता, 'मुली गुणाच्या आहेत, सासूबाईंना औषध देतात.' घरात गुणाच्या असलेल्या मुली गल्लीत उतरल्या की बाहेरच्या कशा होतात? १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन होईपर्यंत इकडची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करायची तरी पुण्याला खेटे घालावे लागत, त्यामुळे सातपुड्यातल्या पाड्यावरची मुलगी पदवीपर्यंत पोचणं फारच दुर्मिळ. आज अक्राणीची मुलगी तुमच्या जिन्यावरून खाली येते, यात त्या नकोशा वाटणाऱ्या विस्ताराचाही वाटा आहे. मान्य करायला जड जाईल, पण ते खरं आहे.

आणखी एक गोष्ट विचारते, रागावू नका. तुमच्या गल्लीत खोली देताना आडनाव विचारतात का? तुम्ही विचारत नाही, हे माडीवरच्या मुलींवरून कळतंच. पण खानदेशातल्या कुठल्याही जुन्या पेठेत भाड्याच्या खोलीसाठी फिरलेला आदिवासी किंवा दलित मुलगा काय सांगतो, ते एकदा ऐका. खोली रिकामी असते, आडनाव ऐकलं की ती भरलेली होते. या मुलांना पेठेने घेतलं नाही तर ती संस्थेच्याच वसतिगृहात जाणार, आणि मग वसतिगृहं वाढली म्हणून पेठेने तक्रार कशी करायची? साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. खेड्यापाड्यांतून आलेल्या त्या मुलांच्या छात्रालयाचं नाव आजही अमळनेर अभिमानाने घेतं. गावाला वसतिगृहाचा तिटकारा असतोच असं नाही. ते कसं चालवलं जातं आणि त्यात गावाचा काही हात आहे का, यावर बरंच ठरतं.

एवढं झाल्यावर संस्थेकडे वळते, कारण तुमच्या तीन तक्रारी पूर्णपणे रास्त आहेत आणि त्यांत भावनेचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे.

सगळ्यात तातडीची भिंत. सामाईक भिंत दोन्हीकडून घरांच्या कुशीत असते. तिला पाऊस माहीत नसतो, बाहेरच्या बाजूला चुन्याचा लेप नसतो, वर पन्हळ नसते. शेजारचा वाडा पाडला की ती एका दिवसात बाहेरची भिंत होते, आणि पांढऱ्या मातीतली भिंत दोन पावसाळे उघडी राहिली तर तिसऱ्याची खात्री नाही. तेव्हा आजच फोटो काढा, तारखेसकट. तडे असतील तिथे काचेची बारीक पट्टी आडवी धरून दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा आणि शेजारी भिंतीवर तारीख लिहा. तडा वाढला की काच तडकते, पुढे वादावादीची गरज राहत नाही. स्वतःच्या खर्चाने स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या. हा खर्च टाळू नका, तो पुढे मागता येईल. मग संस्थेला आणि नगरपालिकेच्या बांधकाम विभागाला एकच पत्र: पाडकामामुळे सामाईक भिंत उघडी पडली, पावसाळ्याआधी गिलावा आणि वरून पाणी काढून देण्याची व्यवस्था पाडणाऱ्याने आपल्या खर्चाने करावी. पत्रावर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.

शेजारी तळघर खोदायचा विचार दिसला तर काम सुरू होण्याआधी बांधकाम परवानगीची आणि नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. २००५चा कायदा, साध्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खोदाईच्या कडेला आधार लावणार आहेत का, कोणत्या इंजिनिअरची सही आहे, हे त्यात दिसतं. जुन्या वाड्याचा पाया उथळ असतो, शेजारी दहा-बारा फूट खोल खड्डा पडला की तो सरकतो.

याच विषयात एक सावधगिरी. अशा प्रकरणांत पुष्कळदा उलटंच होतं: शेजारच्या कामाने तुमची भिंत खचते आणि 'धोकादायक इमारत' म्हणून नोटीस तुमच्याच नावाने येते. वाड्याचा भाव तिथेच निम्मा होतो. नोटीस आली तर घाबरून घर रिकामं करू नका आणि दुर्लक्षही करू नका. आधीचे फोटो, काचेच्या पट्ट्या आणि इंजिनिअरचा अहवाल जोडून मुदतीत लेखी उत्तर द्या. म्हणून तर तो अहवाल आत्ताच घ्यायला सांगते.

पाण्याबद्दल थोडक्यात. सहा दिवसांआड पाणी आणि नळाला मोटर, हे दुखणं सगळ्या खानदेशचं आहे, फक्त वसतिगृहांचं नाही. तुमच्या गल्लीत घरगुती मोटरा किती आहेत, हे आधी मोजा. मग मागणी करा की वसतिगृहाने घरगुती जोडणीवर शंभर मुलं जगवू नयेत. वेगळी जोडणी घ्यावी, साठवण टाकी बांधावी, पाण्याच्या दिवशी मोटर बंद ठेवावी. पालिकेने मोटरा जप्त केल्या तर त्या सगळ्यांच्या होतील, तुमच्या दारातलीही. त्याला तयार असाल तरच तक्रार करा.

आता वाट. कानबाई डोक्यावर घेऊन निघालेल्या बायकांना ओळखपत्र विचारलं गेलं, त्याचा चटका पत्राच्या प्रत्येक ओळीत आहे. तो अपमानच होता. पण ज्या वॉचमनला तुमच्या गल्लीत शिव्या पडताहेत, तो एजन्सीचा पोरगा, कोणाला सोडायचं याचा कागद त्याला कुणीतरी दिलेला असणार. तो कागद कुणी दिला, हे विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गेटमधली जमीन कुणाची? नगर भूमापन कार्यालयातून त्या भागाच्या नकाशाची नक्कल काढा. ती गल्ली नकाशावर पालिकेचा रस्ता म्हणून दिसत असेल तर दोन्ही बाजूंचे वाडे घेतले म्हणून रस्ता संस्थेचा होत नाही. पालिकेने ठराव करून तो दिला असेल तर त्या ठरावाची प्रत मागा, ठराव नसेल तर गेटच बेकायदा. आणि जागा खासगी निघाली, पण पेठेतली घरं ती वाट खंडाशिवाय, उघडपणे, हक्काने वीस वर्षं वापरत आली असतील, तर १८८२च्या सुखाधिकार कायद्यात वहिवाटीचा हक्क मागता येतो. वडीलधाऱ्यांचे जबाब, जुने फोटो, विसर्जनाचे, वरातींचे, जे असेल ते गोळा करा. हे काम समितीने करण्यासारखं आहे, आणि यासाठी मोर्चा लागत नाही.

फक्त सणाची परवानगी मागून समाधान मानू नका. त्या वाटेने स्मशानालाही जातात, असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. रात्री दोन वाजता गेटवर कुलूप असेल तर? अग्निशमनचा बंब पेठेत कुठून शिरणार? वसतिगृहांना तर आगीपासून बचावाची व्यवस्था ठेवणं २००६च्या कायद्याने बंधनकारकच आहे. बंबाला वाट मोकळी ठेवा, ही मागणी संस्थेलाही नाकारता येणार नाही, कारण आत झोपलेली मुलं तिचीच आहेत. त्या मागणीच्या पाठीवर बसून तुमची वाटही मोकळी होते.

रात्रीच्या दुचाक्या आणि स्नेहसंमेलनाचा डीजे यांबद्दल फार लिहीत नाही. ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवण्याचा नियम आहे, तो तुमच्या गणेश मंडळालाही लागू आहे. दुचाक्यांसाठी वसतिगृहप्रमुखाचा मोबाईल नंबर गल्लीत फलकावर लावून घ्या. पोलीस चौकीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

समितीचं म्हणाल तर अध्यक्ष होऊ नका. आपल्याकडे अध्यक्षाच्या गळ्यात हार पडतो आणि सचिवाच्या हातात फाइल राहते, इथे फाइल महत्त्वाची आहे. शिवाय तुमच्या बाबतीत दोन अडचणी आहेत. पहिली मुलीची नोकरी. दुसरी, माडीवरच्या खोल्या. चार मुलींशी तुमचा नोंदणीकृत भाडेकरार आहे का? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदवलेला हवा, जबाबदारी घरमालकाची, आणि नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो. समिती जेव्हा 'पेठेतली अनधिकृत वसतिगृहं बंद करा' असं निवेदन देईल, तेव्हा पलीकडचा वकील पहिलं बोट तुमच्या माडीकडे दाखवेल. निवेदनावर सही करण्याआधी करार नोंदवून घ्या, पोलीस ठाण्यात माहिती द्या. गल्लीत ज्यांनी ज्यांनी खोल्या दिल्या आहेत, त्या सगळ्यांना हे सांगा. काही लोक मग समितीतून गळतील. गळू द्या.

समितीने काय मागावं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. 'विस्तार थांबवा' ही मागणी ऐकायला जोरदार वाटते आणि तिच्यातून काहीही निघत नाही, कारण स्वतःच्या पैशाने रीतसर विकत घेतलेल्या जागेवर परवानगी काढून बांधणाऱ्याला तुम्ही कोणत्या आधारावर थांबवणार? त्याऐवजी भिंत, पाणी, वाट, बंब, वाहनतळ यांवर एक पानी लेखी मागणीपत्र द्या. कुलसचिवांच्या नावाने द्या, विश्वस्तांना प्रत द्या. दर तीन महिन्यांनी पेठ, संस्था आणि पालिका यांची एक बैठक व्हावी आणि तिचं इतिवृत्त लिहिलं जावं, एवढं जरी पदरात पडलं तरी मी ते मोठं मानेन. वाटलंच तर जळगावच्या विद्यापीठाचा दाखला द्या: ते गावाबाहेर, बांभोरीजवळ गिरणेच्या काठी मोकळ्या जमिनीवर उभं राहिलं. तुमच्या संस्थेकडे गावाबाहेर जमीन असेल तर पुढची वसतिगृहं तिकडे का नकोत, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर न्यासाच्या मालमत्तेची नोंद धर्मादाय कार्यालयात पाहायला मिळते.

पेठेतल्या कुठल्या देवस्थानाचा किंवा धर्मशाळेचा वाडा विक्रीला निघाल्याचं कानावर आलं तर तिकडे मात्र लगेच धावा. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला १९५० च्या न्यास कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि तिथे हरकत घेता येते.

पहिले वर्ग आमच्या माडीवर भरले, हे तुम्ही फार अभिमानाने आणि थोड्या कडवटपणे लिहिलं आहे. सासऱ्यांनी ते दिलं तेव्हा बदल्यात काही मागितलं नव्हतं. त्याचा हिशोब आज मांडला तर ते त्यांचाच हात आखडता घेतल्यासारखं होईल. बैठकीत ही गोष्ट जरूर सांगा, तरुण कुलगुरूंना ती माहीतही नसेल. पण ती घेणेकऱ्याच्या सुरात सांगू नका.

काही जण पेठेला वारसा दर्जा मागू म्हणतात. चांगली कल्पना, पण डोळे उघडे ठेवून. गावाची विकास योजना नव्याने होत असेल तर प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी साधारण महिनाभराची मुदत असते. तेव्हा वाड्यांची यादी, फोटो, नकाशे देऊन वारसा यादीत नावं घालण्याची मागणी करता येते. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीत वारसा जतनाची तरतूद आहे. पण यादीत नाव गेलं की बंधनं तुमच्यावरही येतात: पत्रा बदलायचा, दर्शनी भाग बदलायचा तर परवानगी. जे लोक आज वारसा म्हणून घोषणा देताहेत त्यांच्यातल्या निम्म्यांनी ओटे फोडून शटर बसवली आहेत, हे मी तुमचं गाव न पाहताही सांगू शकते. तेव्हा आधी घरोघर विचारा.

मुलीच्या बाबतीत तुम्ही परस्पर ठरवून टाकलं आहे की तिच्या पोटावर पाय येईल. तिला विचारलंत का? तासिका तत्त्वावरची नेमणूक तशीही दर सत्राला टांगणीला लागलेली असते. आई समितीत नाही म्हणून ती टिकेल याची हमी कुणी देत नाही. ती त्या विभागात बसते, कुलसचिव कोण, निर्णय कोण घेतं, वसतिगृहप्रमुख कसा आहे, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक. कदाचित ती म्हणेल, आई, तू सही कर, मी बघते. कदाचित म्हणेल, हे सत्र जाऊ दे. दोन्ही उत्तरं मानण्यासारखी आहेत, फक्त ती तिची असू द्या. निवेदनं एकट्याच्या नावाने न देता सगळ्यांच्या सह्यांनी गेली, तर तिच्यावरचा भार तसाही हलका होतो.

राहिला वाडा.

दीर भाव सांगताहेत, पण वाडा कुणाकुणाचा आहे हे त्यांनी पाहिलं आहे का? नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. सासरे मृत्युपत्र न करता गेले असतील तर सासूबाई, तुमचे दीर, तुमचे यजमान आणि नणंदा, सगळ्यांचा हिस्सा आहे. यजमानांच्या हिश्शात आता तुम्ही, तुमची मुलं आणि पुन्हा सासूबाई असे समान वारस. पत्रात नणंदांचा शब्दही नाही. दीर बहुधा धरून चालले आहेत की आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आल्या की हक्कसोडपत्रावर सह्या करतील. करतीलही, पण त्यांना आधी किंमत सांगून मग सही मागा.

तुमच्या सहीशिवाय अख्खा वाडा विकता येत नाही. दिरांनी फक्त आपले हिस्से विकले, तरी राहत्या एकत्र घरात परक्या खरेदीदाराला तुमच्याबरोबर ताबा मागता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ त्याला अडवतं. त्याने वाटणीचा दावा लावला, तर १८९३च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कुटुंबातला हिस्सेदार त्याचा हिस्सा कोर्ट ठरवेल त्या किमतीला विकत घेण्याचा हक्क सांगू शकतो. हे दिरांवर तलवार म्हणून उगारू नका. पण 'आम्ही विकून टाकू' या वाक्याने तुमची झोप उडाली असेल तर ती परत येण्यापुरतं हे पुरे. पुढची पावलं स्थानिक दिवाणी वकिलाला कागद दाखवूनच टाका.

दीरही खलनायक नाहीत. त्यांच्या दृष्टीने वाडा म्हणजे दरवर्षी येणारी घरपट्टी आणि मुलांच्या शिक्षणाला न मिळणारा पैसा. त्यांना हिस्सा हवा आहे, वाडा पडायला हवा असं नाही. चौक आणि पुढची ओसरी तुमच्याकडे ठेवून मागचा भाग विकता येतो का? माडी संस्थेलाच मुलींच्या वसतिगृहासाठी लेखी, नोंदणीकृत कराराने भाड्याने दिली आणि भाड्यात सगळ्यांना वाटा ठेवला तर? दुरुस्ती भाडेकरूने करावी, अशी अट त्यात घालता येते, आणि ज्या माडीवर संस्था सुरू झाली ती पाडण्यापेक्षा दुरुस्त करणं त्यांनाही मिरवण्यासारखं आहे. सगळ्या संस्था ऐकत नाहीत. विचारायला काही लागत नाही.

विकणं म्हणजे पेठेशी बेइमानी, हेही मला पटत नाही. तुम्ही उद्या निवृत्त होणार, जिना चढवेना झाला, ओल हटेना, आणि मुलगी दुसऱ्या गावी गेली, तर पेठेच्या शोभेसाठी एका बाईने ओलसर घरात एकटं राहावं, असं कुणी का म्हणावं? जे म्हणतील, त्यांचे स्वतःचे बंगले कोणत्या नव्या कॉलनीत आहेत ते बघा.

सासूबाईंचं मात्र विचारायचंच राहिलं. पत्रात त्या फक्त 'डोळ्यांसमोर' आहेत, बोलत कुठेच नाहीत. ८४ व्या वर्षी त्या या घराच्या मालकीण आहेत, कायद्यानेही. त्यांना इथेच डोळे मिटायचे असतील, किंवा संडास चौकाच्या पलीकडे असलेल्या या घराला त्या कधीच्या कंटाळल्या असतील. दोन्ही शक्य आहे. दिरांना फोन करण्याआधी त्यांच्याजवळ बसा, आणि तुम्हाला काय वाटतं ते न सांगता विचारा.

त्यांना राहायचं असेल आणि तरी विक्रीचं ठरलं, तर त्यांच्या हयातीपर्यंत ताबा घरच्यांकडेच राहील, ही अट खरेदीखतात स्पष्ट लिहून घ्या. तोंडी आश्वासन विश्वस्त बदलले की संपतं. किंमत ठरवताना वार्षिक मूल्यदर तक्ता (रेडी रेकनर) पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. सातपुड्याचं जुनं सागवान, खांब, तुळया, कडीपाट, दाराच्या चौकटी, यांचं मोल जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडून वेगळं करून घ्या. खरेदीखतात नुसतं 'बांधकामासह' लिहिलं गेलं की ते सगळं फुकटात जातं.